टॉप विकत घे, बेस स्वतः बांध

ओझरहून एका तरुणाने विचारलंय: "काका, चार वर्षं डीजे वाजवतोय. साउंड भाड्याने आणतो, लग्नसराईत निम्मे पैसे त्यातच जातात. आता स्वतःचे चार बेस (खालच्या ठोक्याचे बॉक्स) आणि दोन टॉप (गाण्या-बोलण्याचा वरचा आवाज देणारे बॉक्स) बांधायचे म्हणतो. दीड लाख जमलेत. पिंपळगावला एकाकडे डब्ल्यू-बिन (आत दुमडलेल्या भोंग्याचे बेस बॉक्स) आहेत, जबरदस्त वाजतात. त्याने मापं घेऊ दिली. त्याच मापाने सुताराकडून बॉक्स करून त्यात बाजारातले १८ इंची स्पीकर टाकले तर चालेल का? घरी कारचे दोन सबवूफर पडून आहेत, ते वापरू का? जुने दोन १५ इंचीपण आहेत. गाडी छोटा हत्ती आहे."

बाबा, आधी तो मापांचा कागद घडी घालून ठेवून दे. तुझा प्रश्न बॉक्सपासून सुरू होतो आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते. बॉक्स कुठल्या ड्रायव्हरसाठी, म्हणजे आत बसवायच्या कुठल्या स्पीकरसाठी आहे, हे ठरल्याशिवाय बॉक्सच्या मापाला काही अर्थ नसतो. पिंपळगाववाल्याचे बिन चांगले वाजतात ते त्यातल्या ड्रायव्हरसकट. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून आपल्याला दिसायला लागत नाही, तसंच हे आहे.

माझं सरळ मत सांगतो. टॉप बांधू नकोस, विकत घे. बेस बांध, पण चार नाही, आधी दोन. दीड लाखात चार स्वस्त बेस करण्यापेक्षा दोन नीट केलेस तर पुढच्या सीझनला आणखी दोन जोडता येतील. स्वस्त चार केलेस तर पुढच्या सीझनला त्यांचं रिकोनिंग, म्हणजे जळलेली कॉइल आणि फाटलेला पडदा बदलणं, करत बसशील.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. सातपूरला माझी पहिली शेड होती तेव्हा मीही एका मुंबईच्या साउंडवाल्याचे डब्ल्यू-बिन मेजर टेपने मोजून आणले होते. सुतार उत्तम होता, बॉक्स देखणे झाले. आत टाकले हलक्या मॅग्नेटचे, ढिल्या सस्पेन्शनचे (पडद्याला जागेवर धरणारी कड आणि जाळी) १८ इंची, कारण तेवढेच परवडत होते. सिन्नरला एका हळदीला पहिल्यांदा लावले. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, अंगठाभर पुढे-मागे नाचत होता आणि मांडवात बेस काही येत नव्हता. मी काय केलं? अँप आणखी वर केला. रात्री साडेनऊला जळक्या वार्निशसारखा वास आला. ज्याने तो वास एकदा घेतलाय तो विसरत नाही. दोन्ही कॉइल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) गेल्या. हळदीच्या बायकांनी पुढचा तासभर टाळ्यांवर गाणी म्हटली आणि खरं सांगायचं तर ती जास्त चांगली झाली.

काय चुकलं होतं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ड्रायव्हर आणि बॉक्स यांचं नातं आकड्यांत मांडून ठेवलंय. आज कुठलाही बरा ड्रायव्हर घेतलास तर त्याच्यासोबत हे आकडे छापलेला कागद मिळतो. कागद नसेल तर तो ड्रायव्हर कितीही जड असो, घेऊ नकोस. मॅग्नेटचं वजन हातात धरून ड्रायव्हर निवडणं म्हणजे तांब्याच्या वजनावरून पाण्याची चव सांगणं.

कागदावर पाच गोष्टी बघ. एफएस म्हणजे कोन मोकळा असताना स्वतःहून ज्या फ्रिक्वेन्सीला डोलतो ती. १८ इंची प्रो ड्रायव्हरला ती साधारण ३२ ते ३८ हर्ट्झ असते. क्यूटीएस म्हणजे मोटर (मॅग्नेट आणि कॉइल) आणि सस्पेन्शन मिळून कोनला किती घट्ट आवरतात त्याचं माप. ०.३ ते ०.४ असेल तर तो पोर्टवाल्या, म्हणजे हवा ये-जा करायला फट ठेवलेल्या, बॉक्सचा माणूस. ०.५ च्या वर असेल तर ढिला, त्याला बंद बॉक्स बरा. ०.३ च्या खाली असेल तर मोटर जबरदस्त ताकदीची, तो हॉर्नमध्ये, म्हणजे भोंग्यात, खुलतो. माझ्या पहिल्या ड्रायव्हरांचा क्यूटीएस नंतर मोजला तर ०.६ च्या वर निघाला. असल्या ड्रायव्हरला डब्ल्यू-बिनमध्ये घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत जुंपणं. तिसरा आकडा व्हीएएस, त्यावरून बॉक्सचे लिटर ठरतात. चौथा एक्समॅक्स, म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटर इमानदारीत सरकू शकतो. पाचवा एईएस पॉवर, म्हणजे ठरलेल्या चाचणीत ड्रायव्हर सहन करतो ते वॉट. डब्यावरच्या मोठ्या अक्षरातल्या पीक वॉटकडे बघायचंच नाही.

कारच्या सबवूफरचं उत्तर इथेच देऊन टाकतो: नको. ते वाईट असतात म्हणून नव्हे. गाडीची केबिन एवढीशी, तिथे बेस आपोआप फुगतो, म्हणून त्यांना संवेदनशीलता कमी दिलेली चालते. एका वॉटला एक मीटरवर ८६-८७ डेसिबल. प्रो १८ इंची तेवढ्याच वॉटला ९६-९७ देतो. दहा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज काढायला दहापट वॉट. तुझा कार सब ५०० वॉट पिऊन जे करेल ते प्रो ड्रायव्हर ५० वॉटमध्ये करतो. उघड्या लॉनवर तर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात आणि परत द्यायला भिंती नसतात. विकून टाक.

आता डब्ल्यू-बिन. हॉर्न हा प्रकार मुळात सुंदर आहे, कमी वॉटमध्ये जास्त आवाज देतो. पण तो फुकट देत नाही, लांबी आणि तोंड मागतो. ४० हर्ट्झची लहर हवेत साडेआठ मीटरहून लांब असते, तिचा चौथा भाग दोन मीटरच्या वर जातो. तेवढा दुमडलेला मार्ग आत हवा आणि तोंडही तसंच मोठं हवं. एकट्या बिनचं तोंड लहान पडतं, म्हणून एक बिन वाजवला तर ठोका येतो पण तळ येत नाही. चार-सहा एकावर एक, शेजारी शेजारी लावले की सगळ्यांची तोंडं मिळून एक मोठं तोंड होतं आणि मग छातीत बसतं. पिंपळगाववाल्याकडे किती आहेत? सहा असतील तर तू ऐकलंस ते सहांचं ऐकलंस. तुझ्याकडे छोटा हत्ती आहे आणि बहुतेक कामं साखरपुडा, हळद, लॉनवरची रिसेप्शन. तुझ्यासाठी पोर्टवाला साधा बॉक्स. दोन नेले तरी वाजतो, चार नेले तरी वाजतो, आणि बांधताना चूक झाली तरी माफ करतो.

समज तू असा १८ इंची घेतलास की ज्याचा एफएस ३५ च्या आसपास, क्यूटीएस ०.३५ च्या आसपास. त्याला १८० लिटर आणि ४० हर्ट्झचं ट्यूनिंग (ज्या फ्रिक्वेन्सीला पोर्ट सगळ्यात जास्त काम करतो ती) मानवतं. विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तुझ्या ड्रायव्हरचे आकडे टाकून आधी खात्री कर. हॉर्नचीच हौस असेल तर हॉर्नरेस्पही फुकट आहे. मी देतो ते माप असं: बाहेरून ६० सेंमी रुंद, ७० सेंमी उंच, ६५ सेंमी खोल, १८ मिमी प्लाय, पुढे जाळीसाठी २ सेंमी खाच. आतली जागा येते साधारण २२२ लिटर. त्यातून पोर्ट, ड्रायव्हरचं मागचं धड आणि आधाराच्या पट्ट्या मिळून चाळीसेक लिटर वजा जातात. उरले १८०. हा हिशोब बरेच जण विसरतात आणि १८० चा बॉक्स बांधून १४० चा वाजवतात.

पोर्टसाठी गोल पाइप शोधत फिरू नकोस. तळाशी आतल्या पूर्ण रुंदीची, म्हणजे ५६.४ सेंमी लांब आणि १०.६ सेंमी उंच फट ठेव. क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस सेंमी होतं, म्हणजे कोनच्या जवळपास निम्मं. लहान पोर्ट केला तर जोरात वाजवताना हवा फुस्स-फुस्स करते आणि बेस दबतो. या क्षेत्रफळाला ४० हर्ट्झसाठी ६२ सेंमी लांबी लागते, पण पोर्टच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही पोर्टसोबतच हलते, तिचे वीसेक सेंमी वजा कर. म्हणजे आडवी फळी समोरून मागे ४२ सेंमी. फट तळाला चिकटून असल्यामुळे प्रत्यक्षात ट्यूनिंग एखाद-दोन हर्ट्झ खालीच येतं. येऊ दे. फळी लांब असली तर मागून कापता येते, आखूड झाली तर जोडता येत नाही. फटीच्या मधोमध एक उभी पट्टी चिकटव, नाहीतर तळ थरथरतो.

हे माप मी उगाच काढलेलं नाही. छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या थोडा वर लांब आणि पाच फुटांना किंचित कमी रुंद. ६० रुंदीचे दोन शेजारी, ६५ खोलीच्या तीन रांगा, म्हणजे सहा बॉक्स बसतात आणि बाजूला वायरची पेटी आणि स्टँड टाकायला फूटभर जागा राहते. पुढेमागे सहा केलेस तरी गाडी तीच चालेल.

प्लाय आठ बाय चारची घेशील. ती लांबीत दोन पट्ट्यांत काप, एक ६५ ची आणि एक ५६.४ ची. करवतीची जाडी धरूनही १२२ मध्ये बसतं. ६५ च्या पट्टीतून वरच्या-खालच्या फळ्या ६० लांबीच्या चार निघतात किंवा बाजूच्या ६६.४ च्या तीन. ५६.४ च्या पट्टीतून पुढचं तोंड, पाठ आणि पोर्टची फळी. दोन बॉक्सना तीन शीट लागतात, चारांना पाच. उरलेल्या तुकड्यांतून आधाराच्या पट्ट्या. सुताराला हे कागदावर आखून दे. तो आपल्या मनाने कापायला लागला की सहावी शीट मागतोच.

प्लाय कुठली? आयएस ७१० चा शिक्का असलेली मरीन, नाहीतर किमान आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारी). शीट उभी करून बोटाच्या गाठीने सगळीकडे ठोकून बघ. मध्येच आवाज पोकळ आला तर आत थर तुटलेला आहे, आणि ती पोकळी नेमकी लग्नात ५५ हर्ट्झला फर्र करते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) वापरू नकोस. घरातल्या स्पीकरला उत्तम, पण आपल्या धंद्यात पाऊस आहे. इगतपुरीला जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका साखरपुड्याला माझे एमडीएफचे दोन बॉक्स ओल्या जमिनीवर तीन तास उभे होते. सकाळी तळाच्या कडा भिजलेल्या पावासारख्या फुगलेल्या. स्क्रू हाताने उपसून आले.

बांधताना स्क्रूवर भिस्त ठेवू नकोस, सांधा गोंदाने धरतो. स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत दाबून ठेवायला. पाण्याला टिकणारा फेविकॉल मरीनसारखा गोंद सांध्याच्या दोन्ही बाजूंना लाव, क्लॅम्प कसून रात्रभर सोड. बाहेर आलेला गोंद बाहेरून ओल्या फडक्याने पूस, आतून मात्र बोटाने सांध्यावर फिरवून घे, तोच हवाबंद करतो. बाजूच्या दोन फळ्यांमध्ये ड्रायव्हरच्या मागून एक आडवी पट्टी आणि तोंडापासून पाठीपर्यंत एक. बॉक्सवर मूठ मारल्यावर ठक्क आवाज आला पाहिजे, ढब्ब नाही. ड्रायव्हरच्या भोकाचं माप त्याच्याच कागदावरून घे, दुसऱ्या कंपनीचं चालत नाही. अंबडला सीएनसी राउटरवाल्याकडून भोक पाडून घेतलंस तर अगदी गोल येतं, पण जिगसॉ आणि धीर असेल तरी जमतं. ड्रायव्हर लाकडाच्या स्क्रूवर लटकवायचा नाही. मागून टी-नट, समोरून बोल्ट, आणि बोल्ट समोरासमोर आळीपाळीने कसायचे, गाडीच्या चाकासारखे. हँडल दोन्ही बाजूंना, आणि गुरुत्वमध्य बघून. ड्रायव्हरसकट बॉक्स पन्नास किलोच्या आसपास जातो. हँडल दोन इंच चुकलं तर प्रत्येक लग्नात कंबर ते आठवण करून देते.

रंग लावण्याआधी दोन चाचण्या कर. दोन्हींना खर्च नाही, पण मी पाहिलेल्या घरच्या बांधणाऱ्यांपैकी फार थोडे त्या करतात.

पहिली गळतीची. बॉक्सला मोबाइलच्या टोन जनरेटरमधून ५० हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात दे आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून, हँडलच्या कडेने, मागच्या स्पीकॉनच्या (वायर जोडायच्या सॉकेटच्या) पट्टीभोवती फिरव. धूर सरळ वर जायचा सोडून थरथरला की तिथे गळती आहे. हँडलमागे हवाबंद कटोरी नसणं ही सगळ्यात सर्रास चूक.

दुसरी ट्यूनिंगची. बॉक्स पाठीवर झोपव, कोन आकाशाकडे. कोनवर चार-पाच तांदळाचे दाणे टाक. आवाज एवढाच ठेव की ६० हर्ट्झला दाणे नाचतील. मग हळूहळू खाली ये. ५०, ४५, ४२... एका जागी दाणे शांत होतात आणि पोर्टसमोर हात धरला तर वारा जोरात लागतो. तेच तुझं ट्यूनिंग. तिथे सगळं काम पोर्ट करतो, कोन जवळजवळ उभा असतो. त्याच्या खाली गेलास की दाणे अचानक उड्या मारायला लागतात. हे दृश्य नीट बघून ठेव, कारण पुढच्या सगळ्या सेटिंगचं मूळ त्यात आहे: ट्यूनिंगच्या खाली कोनला धरून ठेवणारी हवा उरत नाही. आवाज येत नाही, कोन मात्र धावतो आणि शेवटी कॉइल मागच्या प्लेटवर आदळते.

म्हणून प्रोसेसरमध्ये हाय-पास, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचं कापणारा फिल्टर, लावल्याशिवाय हा बॉक्स वाजवायचाच नाही. ४० ला ट्यून असेल तर ३५ हर्ट्झला, २४ डेसिबल उताराचा. वरच्या बाजूला बेस आणि टॉप ९० ते १०० च्या दरम्यान वेगळे कर, लिंकविट्झ-रायली प्रकारच्या २४ डेसिबलच्या फिल्टरने. "३५ च्या खालचा बेस गेला ना मग?" असं विचारशील. आपल्या गाण्यांतला ठोका बहुतेक ५० ते ७० मध्ये असतो. खाली जे असतं ते मुख्यतः माइक हाताळल्याची ढबढब आणि वाऱ्याचा आवाज.

मग लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेवर सिग्नल अडवणारं सेटिंग. इथे एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: अँप क्लिप झाला, म्हणजे ताकदीपलीकडे ढकलला गेला, की डीसी जातो आणि कॉइल जळते. डीसी जात नाही. क्लिप झालेल्या लहरीचा माथा सपाट होतो, आणि सपाट माथ्याची सरासरी पॉवर जास्त असते. त्यात तू आवाज आणखी वर नेलेला असतोस, म्हणजे शांत जागाही भरून निघतात. कॉइलला थंड व्हायला फुरसत मिळत नाही. ती उष्णतेने मरते, क्लिपच्या लाल लाइटने नाही. लिमिटर व्होल्टमध्ये बसवायचा. ड्रायव्हर ६०० वॉट एईएस आणि ८ ओहम असेल तर ६०० गुणिले ८, त्याचं वर्गमूळ, ६९ व्होल्ट. स्पीकरची वायर काढ, ५० हर्ट्झचा सूर दे, अँपच्या टर्मिनलवर खऱ्या आरएमएसचा मल्टिमीटर धर आणि ६९ च्या वर जाणार नाही अशी जागा शोध. मी तर दोन-तीन डेसिबल खालीच ठेवतो. मे महिन्यात दुपारच्या वरातीत कॉइल आधीच तापलेली असते आणि तापलेल्या कॉइलचा रोध वाढतो, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला ती कमी वॉट घेते आणि आवाज उतरतो.

अँपला एका चॅनेलवर दोन ८ ओहमचे बेस, म्हणजे ४ ओहम. दोन ओहमच्या भानगडीत पडू नकोस. वायर २.५ चौरस मिमीच्या खाली नको आणि अँप बेसच्या जवळ ठेव. वीस मीटर वायर म्हणजे जाऊन येऊन चाळीस मीटर तांबं. २.५ च्या वायरमध्ये ते ०.३ ओहम होतं, चार ओहमच्या जोडीला दिलेल्या पॉवरचा सातेक टक्के भाग वायर तापवण्यात जातो. १ चौरस मिमीची घरगुती वायर लावलीस तर दुपटीहून जास्त. आणि सगळे बेस एकाच दिशेने ढकलतात का ते पेन्सिल सेल लावून बघ, धन धनाला लावल्यावर सगळ्यांचे कोन बाहेर आले पाहिजेत. एक जरी उलटा असला तरी शेजारचा त्याला खातो आणि तू ड्रायव्हरवाल्याला शिव्या देत बसतोस.

टॉप विकत घे म्हणालो ते का? कारण बेसमध्ये लाकूडकाम आणि थोडं गणित आहे, टॉपमध्ये मोजमाप आहे. १२ इंची आणि त्यावरचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (वरच्या, तीव्र आवाजाचा) हे दीड-दोन हजार हर्ट्झच्या आसपास एकमेकांच्या हातात हात देतात. तो भाग नेमका माणसाच्या आवाजाचा. तिथे पाव मिलिसेकंद इकडेतिकडे झाला की निवेदकाचं "वधूपित्याचं हार्दिक स्वागत" पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं. हॉर्न किती अंशांत आवाज पसरवतो, दोन ड्रायव्हर कुठल्या कोनात भांडतात, हे मोजायला माइक, सॉफ्टवेअर आणि बरीच मोकळी जागा लागते. रूम ईक्यू विझार्ड नावाचं मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माइकही फार महाग नाही, पुढे शीक जरूर. पण पहिल्या सीझनला चांगल्या कंपनीचे १२ इंची अ‍ॅक्टिव्ह टॉप (आतच अँप असलेले) घे, त्यांच्या आत क्रॉसओव्हर (आवाज दोन ड्रायव्हरांत वाटणारा भाग) आणि लिमिटर बसवूनच येतात. १५ इंची टॉप घेऊ नकोस. खाली बेस आहेत ना, मग टॉपने बेस कशाला द्यायचा? १२ चा आवाज मध्यात स्वच्छ असतो आणि खांद्यावर उचलता येतो.

जनरेटरबद्दल एकच गोष्ट, पण ही कधीही विसरू नकोस. प्लग घालण्याआधी प्रत्येक वेळी मल्टिमीटर. फेज आणि न्यूट्रल २२० ते २४०, न्यूट्रल आणि अर्थिंग जवळपास शून्य. एका लॉनवर इलेक्ट्रिशियनने घाईत न्यूट्रलऐवजी दुसरा फेज दिला होता. माझ्या पोराने न मोजता लावलं, ४०० च्या वर व्होल्ट गेले आणि दोन अँप एका सेकंदात मुके झाले. हमिंग येतंय म्हणून अर्थिंगची पिन कापणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. ओल्या लॉनवर माइक हातात धरून उभा असलेला माणूस नवरदेवाचा बाप असतो, हे लक्षात ठेव.

लावताना बेस डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे वाटू नकोस. देखणं दिसतं, पण ६० हर्ट्झची लहर पावणेसहा मीटर. ज्या जागी दोन बेसपासूनच्या अंतरांत त्याच्या निम्म्याचा, म्हणजे पावणेतीन मीटरहून थोडा जास्त, फरक पडतो तिथे दोघं एकमेकांना पुसतात. मधोमध सगळे नाचतात आणि चार पावलं बाजूला उभी आत्या विचारते, बंद केलं का? दोन्ही बेस एकत्र मध्ये किंवा एका बाजूला ठेव. जोडीने ठेवल्यावर एकट्याच्या मानाने सहा डेसिबल मिळतात, तीन जास्तीच्या वॉटचे आणि तीन सोबतीचे. पुढे तीन-चार बेस झाले की एक उलटा तोंड करून, पोलॅरिटी उलटी करून (धन-ऋण बदलून) आणि साधारण तीन मिलिसेकंद उशीर देऊन लावून बघ. मागच्या बाजूचा बेस चांगलाच उतरतो. जुन्या नाशकात, वाड्यांच्या गल्लीत काम असेल तर मागच्या घरातले आजोबा तुला दुवा देतील.

आजोबांवरून आठवलं. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षाला मोजके दिवस बारापर्यंत मुभा देतं तेवढी सोडून. निवासी भागात दिवसाची पातळी ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या पातळीपेक्षा दहा जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे निवासी भागात ६५. रुग्णालय, शाळा, कोर्टाच्या शंभर मीटरमध्ये शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. तुझे दोन बेससुद्धा हे आकडे सहज ओलांडतील, त्यामुळे "माझी सिस्टिम लहान आहे" ही सबब चालत नाही. आणखी एक गंमत: मोजणारं यंत्र ए-वेटिंगवर (माणसाच्या कानाला धरून केलेल्या मापावर) असतं, ते ५० हर्ट्झला तीसेक डेसिबल कमी धरतं. आकडा ठीक दिसतो आणि शेजारच्या खिडकीची तावदानं वाजत असतात. आकड्यावर भांडू नकोस, तावदान वाजलं की उतरव. आपल्याकडे भिंतीएवढ्या सिस्टिमला "डॉल्बी" म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. नाव आवाज कमी करणाऱ्याचं आणि काम हे!

कानात प्लग घाल. १०० डेसिबलला पंधरा मिनिटांत दिवसभराचा कोटा संपतो. मला आता डाव्या कानाने घरातल्या कुकरच्या शिट्टीचा आवाज अर्धवटच ऐकू येतो.

राहिले तुझे जुने १५ इंची. त्यांचा कागद नसणारच. सरावंड (कोनच्या कडेची लवचीक घडी) बोटाने दाबून बघ, चिरा नसतील आणि कोन सरळ वर-खाली होताना खरखर येत नसेल तर साधे उतरते बॉक्स करून तुझ्या टेबलमागे मॉनिटर म्हणून ठेव. त्यात तुला हवा तेवढा बेस ऐकू येईल आणि मग पुढचे बेस विनाकारण वर करायचा मोह कमी होईल. खरखर असेल तर रिकोनला पैसे घालू नकोस, मॅग्नेट भंगारात दे. प्लाय आणायला निघण्याआधी ड्रायव्हर घे आणि त्याचा कागद मला दाखव.